आमिष म्हणून पोलीसबाई

कामुक थ्रिलरचा एक साचा आता इतका रुळलाय की पहिल्या दहा मिनिटांत पुढचं सगळं सांगता येतं. शहरात बायकांचे खून पडतायत. तपास अडलाय, वरून दबाव आहे, पेपरवाले हात धुऊन मागे लागलेत. मग एक तरुण महिला अधिकारी नाव बदलून, राहणी बदलून संशयिताच्या वर्तुळात शिरते. संशयित देखणा, श्रीमंत, मनातून कुठेतरी दुखावलेला. तिला त्याची ओढ वाटू लागते. बाहेर व्हॅनमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेले चार पुरुष तिचा श्वास ऐकत असतात. त्यातला एक तिचा साहेब असतो आणि बहुधा त्याचाही तिच्यावर जीव असतो. मग एक रात्र, एक सुरा, एक गोळी.

मला या प्रकाराचं वावडं नाही. पडद्यावर कामुकता आली की संस्कृती बुडाली असं मानणाऱ्यांतली मी नव्हे. भीती आणि वासना यांचं नातं उलगडून दाखवणारी चांगली गोष्ट असेल तर ती मी रात्री जागून बघते. माझं भांडण आहे ते गोष्टीच्या पोटातल्या एका गृहीतकाशी. ते असं, की बाईची भूल घातली की पुरुषाच्या आतलं खरं बाहेर पडतं आणि जे बाहेर पडलं तो पुरावा. हे गृहीतक पडद्यापुरतं राहिलं असतं तर लेख लिहायचं काही कारण नव्हतं. पण लंडनच्या पोलिसांनी ते खरं धरून एका खुनाचा तपास केला. त्याची किंमत कोणी मोजली, हे आज कागदोपत्री नोंदलेलं आहे.

15 जुलै 1992. दक्षिण लंडनमधलं विम्बल्डन कॉमन हे झाडीचं मोठं मोकळं रान. रेचल निकेल ही 23 वर्षांची तरुणी सकाळी आपल्या तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाला आणि कुत्र्याला घेऊन तिथे फिरत होती. मुलाच्या डोळ्यांदेखत तिच्यावर सुऱ्याचे 49 वार झाले. अशा खुनानंतर एखाद्या शहराची अवस्था काय होते हे सांगायला नको. जवळच राहणारा, त्याच रानात कुत्रा फिरवणारा, एकलकोंडा, शेजाऱ्यांना विचित्र वाटणारा कॉलिन स्टॅग नावाचा माणूस पोलिसांच्या नजरेत भरला. तीन दिवस चौकशी झाली. हाती काही लागलं नाही. ना हत्यार, ना रक्ताचा डाग. त्याला सोडावं लागलं.

इथून पुढे तपास थ्रिलरच्या वाटेला लागला. पॉल ब्रिटन या मानसशास्त्रज्ञाने खुन्याचं मानसचित्र तयार केलं होतं. असा माणूस लैंगिकदृष्ट्या विकृत असेल, हिंसेच्या कल्पनांत रमत असेल, वगैरे. पोलिसांनी त्यावरून मोहीम आखली आणि तिला ‘ऑपरेशन एडझेल’ असं नाव दिलं. जाहिरातीतून ओळख झालेल्या एका बाईला स्टॅगने पूर्वी एक अश्लील पत्र लिहिलं होतं. तिची मैत्रीण असल्याची बतावणी करत ‘लिझी जेम्स’ या खोट्या नावाने एका महिला पोलिसाने जानेवारी 1993 मध्ये स्टॅगला पहिलं पत्र पाठवलं. पुढे सात महिने पत्रं, फोन, बागेतल्या भेटी.

ही पत्रापत्री कशी वाढत गेली, ते जवळून बघण्यासारखं आहे. सुरुवातीला स्टॅग साधंच लिहितो. एकटेपणा, कुत्रा, भेटायची इच्छा. लिझीकडून उत्तर येतं की तिला काहीतरी जास्त हवंय, साध्या पुरुषांत तिला रस नाही. तो थोडं धीट लिहितो. ती आणखी मागते. बिचकत बिचकत तो हिंसेच्या कल्पना कागदावर उतरवू लागतो आणि मध्येच माफीही मागतो, तुला हे आवडलं नसेल तर सांग म्हणून. मग ती आपला एक भूतकाळ रचते. तरुणपणी एका अघोरी पंथाच्या विधीत तिने एका बाईच्या आणि बाळाच्या खुनात भाग घेतला होता, आणि त्या अनुभवाच्या बरोबरीचा पुरुष तिला पुन्हा भेटलेला नाही! आता अशा बाईपुढे टिकायचं तर एकट्या, कधी कोणी जवळ न केलेल्या माणसाने काय लिहावं? एका टप्प्यावर तिने उघडच सुचवलं, की विम्बल्डनचा तो खून तू केलेला असतास तर किती बरं झालं असतं. स्टॅगचं उत्तर होतं की त्याला फार वाईट वाटतं, पण तो खून त्याने केलेला नाही.

सात महिन्यांच्या भुलवणीनंतरही माणूस नाहीच म्हणत राहिला. तरी ऑगस्ट 1993 मध्ये त्याला अटक झाली. वर्षाहून अधिक काळ तो कोठडीत होता. सप्टेंबर 1994 मध्ये प्रकरण ओल्ड बेली न्यायालयात न्या. ऑग्नल यांच्यासमोर आलं आणि त्यांनी लिझीमार्फत गोळा केलेला सगळा मजकूर पुरावा म्हणून नाकारला. संशयिताला गुंतवण्याचा हा ढळढळीत आणि अत्यंत हीन दर्जाच्या फसवणुकीचा प्रयत्न आहे, अशा शब्दांत त्यांनी पोलिसांना झापलं. सरकारी पक्षाकडे दुसरं भक्कम काही नव्हतं. स्टॅग सुटला. सुटला म्हणजे कायद्याने. पेपरांच्या लेखी तो ‘तांत्रिक मुद्द्यावर निसटलेला खुनी’ होता आणि पुढची चौदा वर्षं तसाच राहिला.

खरा खुनी होता रॉबर्ट नॅपर. दक्षिण-पूर्व लंडनच्या प्लमस्टेड भागात राहणारा. त्या बाजूच्या ग्रीन चेन नावाच्या पायवाटांवर बायकांवर हल्ले आणि बलात्कार होत होते, त्यामागेही तोच. 1989 मध्येच त्याच्या आईने पोलिसांना फोन करून सांगितलं होतं की मुलाने बलात्काराची कबुली दिली आहे. नोंदींशी ते जुळलं नाही म्हणून तिथेच राहिलं. 1992 मध्ये त्याला रक्ताचा नमुना द्यायला बोलावलं. तो आलाच नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा आला नाही. पुढे, तो वर्णनापेक्षा जास्त उंच आहे म्हणून त्याचं नाव यादीतून काढून टाकण्यात आलं. आणि नोव्हेंबर 1993 मध्ये, स्टॅग गजाआड असताना, नॅपरने समॅन्था बिसेट या तरुणीचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा त्यांच्याच घरात शिरून जीव घेतला. त्या प्रकरणात त्याला पकडून दिलं ते घरात सापडलेल्या बोटांच्या ठशांनी. निकेल प्रकरणाशी त्याचा संबंध पुढे डीएनए तपासणीतून सिद्ध झाला. डिसेंबर 2008 मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा मान्य केला. त्याच वर्षी स्टॅगला 7,06,000 पौंड भरपाई मिळाली आणि पोलिसांनी त्याची जाहीर माफी मागितली.

लिझीचं नाटक झालं नसतं तर नॅपर वेळेत सापडलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आईच्या फोनचा घोळ आणि उंचीचा घोळ हे त्या मोहिमेच्या आधीचे आणि वेगळ्या टेबलांवरचे. पण एका माणसाबद्दल खात्री पटली की दुसरीकडे बघायची गरज वाटेनाशी होते आणि ही भुलवणीची पद्धत खात्रीच पिकवते. रोज नवं पत्र, रोज नवा तपशील, रोज वाटतं की जवळ आलो. आपण खुनाच्या जवळ येतोय की त्या माणसाच्या एकटेपणाच्या, हे तपासायचं साधनच या पद्धतीत नाही.

पडद्यावरची गोष्ट आणि तपास इथे मुळातच वेगळे पडतात. पटकथेत एक हमी असते. खुनी हा आपल्याला भेटलेल्या सात-आठ पात्रांपैकीच कोणीतरी असणार. तो श्रीमंत संशयित नसेल तर त्याचा भाऊ असेल, नाहीतर व्हॅनमधला साहेब. प्रेक्षकाचा पैसा वसूल व्हायचा तर खुनी चौकटीच्या आत हवाच. त्यामुळे नायिका चुकीच्या माणसाच्या मिठीत असली तरी ती बरोबर घरात असते. पोलीस तपासाला ही हमी कोणी दिलेली नाही. खुनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, भलत्याच फाइलमध्ये, उंचीच्या कारणाने यादीतून वगळलेला असू शकतो. सावज आधीच निवडून मग त्याच्यापुढे आमिष ठेवलं की जे काही हलेल ते खुनीच वाटतं.

आता कोणी म्हणेल, सापळा लावणं तर पोलिसांचं रोजचं काम आहे. आहेच. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची बातमी नसलेला दिवस विरळा. पण तो सापळा कसा लागतो ते बघा. आधी तक्रारदार येतो आणि सांगतो की अमुक साहेबांनी इतके हजार मागितले. विभाग लगेच नोटा घेऊन धावत नाही. आधी ‘पडताळणी’ होते. तक्रारदाराला पुन्हा पाठवून, पंचासमक्ष, रेकॉर्डरवर, मागणी खरोखर त्या अधिकाऱ्याच्याच तोंडून येते का ते बघितलं जातं. मागणी सिद्ध झाली की मग फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावलेल्या नोटा, मग ठरलेला इशारा, मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली बोटं आणि गुलाबी झालेलं ते पाणी बाटलीत भरून सीलबंद. या सगळ्या खटाटोपाचा गाभा एकच, की गुन्ह्याची इच्छा समोरच्याकडून यायला हवी आणि गुन्हा सापळ्यातच, साक्षीदारांसमोर घडायला हवा. लिझीच्या प्रकरणात मागणी पोलिसांकडून आली. आणि गुन्हा तर पहिल्या पत्राच्या सहा महिने आधीच घडून गेलेला होता. जो खून होऊन गेलाय तो सापळ्यात ‘रंगेहाथ’ कसा सापडणार? सापडते फक्त वासना. आणि वासना हा खुनाचा पुरावा ठरला तर निम्मी माणसं कोठडीत जातील.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद 1956 मध्येच स्पष्ट केलेला आहे. रामजनम सिंग विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात न्या. विवियन बोस यांनी लिहिलं, की गुन्ह्यासाठी धडपडत असलेल्याला रंगेहाथ पकडायला संधी देणं वेगळं आणि ज्याने तो विचार सोडून दिलाय त्याला डिवचून गुन्ह्यात ओढणं वेगळं. माणूस मनाने कसाही असो, कायद्याच्या रखवालदारांनीच त्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे मोहात पाडू नये, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला हक्क आहे. बोस नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयातून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. लाचेच्या खटल्यातला निकाल म्हणून तो ओळखला जातो, पण लिझीच्या पत्रव्यवहारासमोर ठेवून वाचला तर प्रत्येक वाक्य लागू पडतं.

कबुलीबाबतचा आपला कायदा तर त्याहून जुना आणि कडक. पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य. (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्यापुढच्या कबुलीला सूट आहे, तो वादाचा वेगळा विषय.) म्हणजे आपल्या वेब सिरीजमधली नायिका, उशीजवळ लपवलेल्या माइकवर खुन्याकडून ‘हो, मीच’ असं वदवून घेते आणि पार्श्वसंगीत वाजू लागतं, तेव्हा आरोपीचा वकील न्यायालयात पहिलाच प्रश्न विचारेल की बाई, तुम्ही नोकरीला कुठे? कॅनडात अशा तपासाला ‘मिस्टर बिग’ म्हणतात. पोलीसच गुंडांची खोटी टोळी उभी करतात, संशयिताला तिच्यात घेतात आणि बॉसवर छाप पाडायला म्हणून जुना खून कबूल करायला लावतात. 2014 मध्ये हार्ट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की असा कबुलीजबाब मुळात अग्राह्य धरायचा, तो विश्वासार्ह आहे हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. कारण तेच. बक्षीस मोठं असलं की माणूस न केलेलंही कबूल करतो. प्रेम हे तर टोळीतल्या जागेपेक्षा कितीतरी मोठं बक्षीस.

आतापर्यंत मी संशयिताबद्दल बोलले. त्या बाईचं काय झालं?

थ्रिलरमध्ये शेवटी ती जखमी होते, खांद्यावर कोट टाकून रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसते, कोणीतरी कॉफीचा कप हातात देतं. प्रत्यक्षातल्या ‘लिझी’ने 1998 मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, नोकरी सोडली. सात महिने एका माणसाच्या विकृत कल्पना रोज वाचणं, त्या वाढाव्यात म्हणून तशीच उत्तरं देणं, त्याच्यासमोर बसून हसणं आणि हे सगळं खुन्याशी चाललंय असं मानत राहणं, या सगळ्याने ती मनाने खचली. शेवटी तिला आपल्याच खात्याविरुद्ध न्यायालयात जावं लागलं. 2001 मध्ये 1,25,000 पौंडांवर तडजोड झाली. तिचं खरं नाव आजही जाहीर नाही. मानसशास्त्रज्ञावरची व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई 2002 मध्ये रद्द झाली. न्यायालयाचे ताशेरे पोलिसांवर, जन्माचा डाग संशयितावर आणि आजार तिच्या वाट्याला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ती स्वतःहून तयार झाली होती. पोलीस खात्यात ‘स्वतःहून’ म्हणजे काय, हे खात्यात असलेल्या कोणालाही विचारा. देशात पोलीस दलातलं बायकांचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात भरतीत तीस टक्के आरक्षण असल्याने चित्र थोडं बरं आहे, पण गुन्हे शाखेच्या मोठ्या तपासात शिरकाव मिळवण्यासाठी बाईला अजूनही धडपड करावी लागते. बंदोबस्त, महिला कक्ष, कार्यक्रमातलं स्वागत यातून एकदाची सुटका होऊन साहेब म्हणाले की मोठी केस आहे, तुझ्याशिवाय कोणी करू शकणार नाही, तर ती नाही म्हणेल? आणि तिची निवड कशावर झाली? तपासातल्या हुशारीवर नव्हे. ती बाई आहे, तरुण आहे, एवढ्यावर. पडद्यावर हे तिचं सक्षमीकरण म्हणून विकलं जातं. माझ्या मते तो बढतीच्या वेष्टनातला जुनाच हिशेब आहे.

पुरुष अधिकाऱ्यांनीही हे केलंय आणि तिथे तर मर्यादाच उरली नाही. ब्रिटनमध्ये चळवळींवर पाळत ठेवायला पाठवलेल्या गुप्त पोलिसांनी कार्यकर्त्या बायकांशी वर्षानुवर्षं संसार केले, खोट्या नावाने. नोव्हेंबर 2015 मध्ये लंडन पोलिसांना सात बायकांची जाहीर माफी मागावी लागली. पोलिसाने ओळख लपवून ठेवलेला शरीरसंबंध हा त्या बायकांच्या मानवी हक्कांचा भंग होता, हे त्यांना मान्य करावं लागलं. तिथे कोणी खुनी नव्हता, म्हणून फसवणूक चटकन दिसली. संशयित खुनी असला की तीच फसवणूक आपल्याला शौर्य वाटते.

मग महिला पोलिसांनी धोक्याच्या कामापासून लांबच राहायचं का? मुळीच नाही. 1954-55 मध्ये लंडनजवळ क्रॉयडनला एका निर्जन पायवाटेवर बायकांवर हल्ले होत होते. कॅथलीन पॅरट आणि एथेल बुश या दोन महिला पोलीस तिथे साध्या कपड्यांत फिरल्या. दोघींवर हल्ला झाला, बुश यांच्या डोक्यात घाव बसला, तरी त्यांनी हल्लेखोराशी झटापट केली. दोघींना जॉर्ज पदक मिळालं. त्या वाटेवर त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं, भुलवलं नव्हतं. त्या फक्त चालत होत्या आणि चालणाऱ्या बाईवर जो धावून आला तो त्या क्षणी गुन्हा करत होता. 2019 मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात एका महिला उपनिरीक्षकाने फेसबुकवर खोटं नाव घेऊन एका फरार खून-आरोपीशी ओळख वाढवली, लग्नाची बोलणी करायला देवळात बोलावलं आणि बेड्या घातल्या. इथे भूल होती, पण ती पुराव्यासाठी नव्हती. आरोपी कोण हे आधीच ठरलेलं, गुन्हा दाखल झालेला, फक्त माणूस हातात हवा होता. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध गर्भवती बायकांच्या मदतीने स्टिंग केली, तीही याच जातीची. डॉक्टर त्या खोलीत, त्या क्षणी, गुन्हा करत होता.

म्हणून माझ्या मते रेषा आखणं अवघड नाही. गुन्हा चालू असेल तर आमिष ठेवा. आरोपी निश्चित असून फरार असेल तर आमिष ठेवा. खून होऊन गेलाय आणि तो कोणी केला हेच शोधायचंय, तर आमिष ठेवू नका, कारण तिथे ते उत्तर शोधत नाही, घडवतं. आणि पहिल्या दोन्ही प्रकारांतही, अधिकारी बाई असो की पुरुष, शरीरसंबंधापर्यंत किंवा त्याच्या आश्वासनावर महिनोन्‌महिने चालणाऱ्या नाटकापर्यंत गोष्ट जाता कामा नये. तिचा वरिष्ठ सोडून बाहेरच्या कोणाची लेखी परवानगी हवी, मोहीम थांबवण्याचा अधिकार तिच्या स्वतःच्या हातात हवा आणि नंतरच्या उपचारांची तरतूद मोहिमेच्या कागदावरच हवी. यातलं काहीच थ्रिलरमध्ये दाखवण्यासारखं नाही, हे मला मान्य आहे.

पण मग बायकांचे मालिका खून करणारे सापडतात कसे? दोन उदाहरणं आपल्या अगदी शेजारची आहेत, आणि दोघांची अटक एकाच वर्षातली, 2009 मधली. गोव्यात शिरोड्याचा महानंद नाईक. लग्नाचं आमिष दाखवून गरीब घरच्या मुलींना दागिने घालून बोलवायचा आणि दुपट्ट्याने गळा आवळून दागिने लांबवायचा. 1994 पासून पंधरा वर्षं हे चालू होतं. सोळा खुनांची कबुली त्याने पोलिसांजवळ दिली, पण ती न्यायालयात चालणार नव्हतीच, आणि पुराव्याअभावी बऱ्याच खटल्यांत तो सुटला. काहींत जन्मठेप झाली. दुसरा कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातला मोहन कुमार, प्राथमिक शाळेतला शिक्षक. तोही लग्नाचं वचन द्यायचा, परगावी लॉजवर न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर गर्भनिरोधक म्हणून सायनाइडची गोळी द्यायचा, स्वच्छतागृहात जाऊन घे म्हणून. आतून कडी लावलेल्या स्वच्छतागृहांत तरुणींचे मृतदेह सापडत राहिले, वेगवेगळ्या गावांत, बेवारस म्हणून, आत्महत्या म्हणून. वीस बायकांच्या खुनांचे खटले त्याच्यावर चालले.

दोन्हीकडे आमिष दाखवणारा खुनीच होता, हे आधी लक्षात घ्या. थ्रिलरने भूमिकांची अदलाबदल केली आहे. आणि मोहन कुमार सापडला तो सीडीआरमुळे, म्हणजे फोन कॉलच्या नोंदींमुळे. बंटवाळजवळच्या बरिमारची एक तरुणी बेपत्ता झाली. तिच्या फोनच्या नोंदी काढल्या तेव्हा एक नंबर दुसऱ्या गावच्या मुलीचा निघाला. तीही बेपत्ता. तिच्या नोंदींतून तिसरीचा नंबर, तीही बेपत्ता. एकीचा फोन किंवा सिम घेऊन तो पुढचीला फोन करत होता. रकान्यांनी भरलेल्या त्या कागदांवर बोट ठेवून नंबर जुळवणारे पोलीस आणि एकेक नंबर मेलेल्या मुलीचा निघत जाणं, यापेक्षा अंगावर काटा आणणारं दृश्य मला तरी कुठल्या बेडरूमच्या प्रसंगात दिसलेलं नाही.

पण त्या नोंदी काढल्या गेल्या त्याचं कारणही सांगायला हवं. बरिमारची ती तरुणी परधर्मीयाबरोबर पळून गेली असा गवगवा झाला, तिच्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने पोलीस ठाण्यावर गेले, आंदोलन झालं, वातावरण तापलं, म्हणून तपासाला वेग आला. तिच्याआधीच्या बायकांसाठी कोणी ठाण्यावर गेलं नव्हतं. काही घरांनी हुंडा द्यायची ऐपत नसलेली पोर आपली आपण मार्गाला लागली असं समजून बेपत्ता झाल्याची तक्रारसुद्धा दाखल केली नव्हती, आणि जिथे केली होती तिथे ती रजिस्टरमध्येच राहिली. 2003 ते 2009 या सहा वर्षांत त्या रजिस्टरांतली दोन पानं कोणी एकमेकांशेजारी ठेवून वाचली असती तर कोणत्याही महिला अधिकाऱ्याला नाव बदलावं लागलं नसतं आणि वीसातल्या कितीतरी जणी आज चाळिशीत असत्या.